अजिंठ्याच्या पाण्याचं कार्ड

कार्ड तळहातावर मावेल एवढं: चौदा सेंटिमीटर लांब, नऊ रुंद. मूळचं काळं-पांढरं, आता तपकिरी पडलंय. उभ्या कड्यावरून पाणी तीन टप्प्यांत उतरतं. खाली डोह, आणि डोहाच्या काठाला फेटा बांधलेला एक माणूस पाठमोरा उभा. खालच्या कोपऱ्यात पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत दोनच शब्द, 'अजंता फॉल्स'. साल नाही, छापणाऱ्याचं नाव नाही. वर आभाळात, बरोबर मध्यावर, एक भोक.

भोक तारेचं आहे. पूर्वी घरोघर भिंतीला एक तार टांगलेली असे, खालचं टोक आकड्यासारखं वळवलेलं. आलेलं पत्र वाचून झालं की त्या तारेत खोचायचं. सालोसालच्या पत्रांची अशी चळत व्हायची. जालना जिल्ह्यातल्या मंठ्यातलं एक माळवदाचं घर पाडलं तेव्हा तशीच एक तार मातीसकट खाली आली. पत्रं बहुतेक वाळवीने खाल्लेली. त्यांत हे एकच चित्राचं कार्ड निघालं. घरातल्या आजींनी ते मला दिलं. या वहीतली बाकीची टिपणं त्या कार्डापायी झाली.

*

आजींशी झालेलं बोलणं, तसंच्या तसं.

"आजी, हे कुणी आणलं असंल?"

"आमच्या मामंजींनी. मास्तरांसंगं लेण्या बघायला गेलते. मी तवा या घरात यायची होते."

"मग लेण्यांचं चित्र आणायचं सोडून पाण्याचं?"

"ते लेण्याचं कवा बोललेच नाहीत बाबा. सांगायचे ते पाण्याचंच. म्हणायचे, एवढं पाणी आन् कुणाच्या रानाला नाही लागत."

शेतकऱ्याने धबधबा असाच बघायचा. मला हे वाक्य कार्डाइतकंच मोलाचं वाटतं.

*

कार्डावर भिंग धरलं. छापखान्यात छापलेलं चित्र असतं तर भिंगाखाली बारीक ठिपक्यांची जाळी दिसली असती. इथे ठिपके नाहीत, काळ्यातून करड्यात सावली सलग उतरते. म्हणजे हा खरा फोटो आहे, काचेच्या किंवा फिल्मच्या निगेटिव्हवरून सरळ कार्डाच्या जाड कागदावर उतरवलेला. कडेचा काळा भाग तिरका धरला की चांदीसारखा चकाकतो. जुन्या फोटोतली चांदी वर्षानुवर्षांच्या हवेने पृष्ठभागावर येते, त्याची ती खूण. पांढरी अक्षरंही छापलेली नाहीत. ती निगेटिव्हवर काळ्या शाईने, उलटी लिहिलेली. 'एस' हे अक्षर लिहिताना हात अडखळलेला दिसतो.

पाठीवर मधोमध उभी रेघ आहे. डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता. सुरुवातीच्या चित्रकार्डांच्या पाठीवर फक्त पत्ता लिहायची मुभा असे, त्यामुळे माणसं चित्राच्या कडेला दाटीवाटीने चार शब्द कोंबत. १९०२ मध्ये ब्रिटनने पाठ दुभागायला परवानगी दिली, मग एकेका देशाने ती रीत उचलली. तेव्हा हे कार्ड त्याच्या नंतरचं. आजींच्या सासऱ्यांचं वय धरलं तर १९३० ते १९५० यांमधलं कुठलं तरी. तिकीट लावलेलं नाही, पोस्टात पडलंच नाही. आणलं ते घरच्या तारेसाठीच.

*

ऋतू मात्र कार्डात लिहिलेला आहे, वाचता यायला हवा. झाडांना भरगच्च पाला आहे, डोहाकाठचं गवत कमरेएवढं आणि तुऱ्याला आलेलं. पण पाण्याच्या धारा सुट्या सुट्या, मधून कातळ दिसतो. आषाढ-श्रावणात तो कातळ दिसत नाही. म्हणजे भाद्रपद सरून आश्विन लागलेला. धार स्वतः मात्र पिंजलेल्या कापसासारखी मऊ आलीय, कारण दरीतला उजेड कमी, कॅमेऱ्याची झडप तेवढा वेळ उघडी ठेवावी लागली. फेटेवाला तेवढा वेळ हलला नाही. त्याला बहुधा तसं सांगितलं असणार. कड्याची उंची कळावी म्हणून माणूस उभा करायची फोटोग्राफरांची ही जुनी पद्धत.

*

अजिंठ्याला वाघूर नदी सात उड्या मारते असं सांगतात, म्हणून त्या जागेला सातकुंड म्हणतात. कार्डात तीनच उड्या आहेत, कारण खालून बघताना वरच्या उड्या कड्यामागे जातात. लेण्यांचा कडा घोड्याच्या नालासारखा वळलाय, सुमारे अडीचशे फूट उंच. त्या नालाच्या आतल्या टोकाला, शेवटच्या लेण्यांच्या पुढे, हे पाणी पडतं. पर्यटक सतराव्या लेण्यातली चित्रं आणि सव्विसाव्यातला महापरिनिर्वाणाचा बुद्ध बघून परत फिरतात. पुढच्या वाटेला लागत नाहीत. उन्हाळ्यात गेलेल्यांना तर धबधबा आहे हेच कळत नाही, तिथे तेव्हा काळा दगड आणि खाली हिरवट डबकं असतं.

*

पायऱ्या का पडल्या, याचं कारण दगडात आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराला दख्खनभर लाव्हारस एकावर एक थरांनी पसरला. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट, वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र. कुठे कुठे दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पातळ पट्टा. पाणी सच्छिद्र आणि तांबडा भाग लवकर खातं, घट्ट भाग टिकतो, मग त्याच्या कडेवरून उडी पडते. जितके टणक थर तितक्या उड्या. लेणी खोदणाऱ्यांनीही हेच ओळखलं होतं: छताला घट्ट थर आणि खोदायला बेताचा दगड जिथे मिळतो, ती उंची त्यांनी धरली.

त्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत नंतर गारगोट्या आणि झिओलाइटचे स्फटिक धरले. अजिंठ्याच्या पायथ्याला फेरीवाले तेच विकतात, बाहेरून ओबडधोबड, फोडलं की आत जांभळट-पांढरे काटे. जालना जिल्ह्यातल्या दगडखाणींतही हेच स्फटिक निघतात. आपल्याकडे त्यांची खडी होते.

*

आता या वहीतलं मुख्य टिपण.

कार्डातलं पाणी मंठ्याकडे येत नाही. वाघूर उत्तरेला उतरते, जामनेरच्या बाजूने खानदेशात जाते, तापीला मिळते आणि सुरतेजवळ अरबी समुद्रात शिरते. पण त्याच अजिंठ्याच्या डोंगरात, पलीकडच्या अंगाला, पूर्णा उगम पावते. ती दक्षिण-पूर्वेला वळते, सिल्लोड, भोकरदन, जाफराबाद ओलांडते, बुलढाण्यात जाते, तिथे तिला खडकपूर्णा म्हणतात, देऊळगाव महीला तिच्यावर धरण आहे. मग ती मंठा तालुक्याच्या उत्तर अंगाने येते. मंठ्याहून लोणारला जाताना आपण जी ओलांडतो ती हीच. पुढे जिंतूर तालुक्यात येलदरी, खाली सिद्धेश्वर, आणि परभणी जिल्ह्यात पूर्णा गावाच्या पुढे गोदावरी. तिथून बंगालचा उपसागर.

डोंगर एकच, पाऊस एकच. माथ्यावर दोन ढेकळांच्या अंतराने पडलेले थेंब, एक सुरतेला, एक राजमहेंद्रीला. उत्तरेचा उतार तुटलेला, म्हणून तिकडे धबधबा, लेणी, पर्यटक, पोस्टकार्ड. दक्षिणेचा उतार सपाट, हळूहळू कलता, म्हणून इकडे नदी उडी न मारता, गाजावाजा न करता शेताशेतातून येते. आजींच्या सासऱ्यांचं वाक्य इथे लागू पडतं. उडी मारणारं पाणी बघायला सुंदर. रानाला लागलं ते मात्र पलीकडच्या उतारावरचं, ज्याचा फोटो काढायला कुणी गेलं नाही.

(पूर्णा नावाच्या दोन नद्यांमुळे घोटाळा होतो. विदर्भातली पूर्णा वेगळी, ती मुक्ताईनगरजवळ चांगदेवला तापीला मिळते. शाळेच्या नकाशात मुलं हमखास एकीचं पाणी दुसरीत सोडतात.)

*

२८ एप्रिल १८१९. जॉन स्मिथ हा मद्रास फौजेतला अधिकारी शिकारीला आलेला असताना समोरच्या कड्यावरून त्याला दहाव्या लेण्याची कमान दिसली. आत जाऊन त्याने खांबावर नाव आणि तारीख कोरली. ती अजून आहे. तारीख लक्षात घ्यावी: एप्रिल संपत आलेला, झाडं निष्पर्ण, नदी कोरडी. श्रावणात आला असता तर पाल्याने कमान झाकली असती आणि त्याची नजर पाण्याकडे गेली असती. लेणी 'सापडली' असं पुस्तकात छापतात. आसपासच्या गावांना ती हरवली कधी होती?

*

रॉबर्ट गिल हा त्यानंतरचा. १८४४ पासून तो चित्रांच्या नकला करायला अजिंठ्यात राहिला आणि तिथलाच झाला. त्याच्या मोठ्या नकला लंडनजवळ क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या होत्या. १८६६ च्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. पुढे त्याने कॅमेरा उचलला. त्या काळी काचेवर ओलं रसायन पसरून, ते ओलं असतानाच फोटो घेऊन, तिथल्या तिथे काळोख्या तंबूत धुवावं लागे. दहा-पंधरा मिनिटांत सगळा खेळ. अजिंठ्याच्या दरीतल्या वाटेवर काचा, बाटल्या आणि तंबू वाहून नेणाऱ्या गावकऱ्यांची नावं कुठल्याच पुस्तकात नाहीत. १८६४ मध्ये अभ्यासक फर्ग्युसनच्या मजकुरासह त्याचे फोटो पुस्तकरूपाने निघाले. माझ्या कार्डाचा फोटोग्राफर कोण का असेना, तो गिलच्या मागून त्याच वाटेने गेलेला.

*

भारतात सरकारी पोस्टकार्ड आलं १ जुलै १८७९ ला, किंमत पाव आणा. त्याआधी दहा वर्षं, १८६९ मध्ये, ऑस्ट्रिया-हंगेरीने जगातलं पहिलं काढलं होतं. चित्रांची कार्डं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला फोफावली. मुंबईत क्लिफ्टन कंपनीची कार्डं प्रसिद्ध होती. आपले महादेव विश्वनाथ धुरंधर यांनीही मुंबईच्या रस्त्यावरच्या माणसांची कार्डं काढली. त्यातल्या बाया-बापड्यांचे चेहरे बघत राहावे असे आहेत.

धबधब्यांत सगळ्यांत मान गिरसप्प्याला. तो तेव्हा मुंबई इलाख्यातच होता, उत्तर कानडा जिल्ह्याच्या हद्दीवर. गोकाकचा धबधबाही कार्डांवर खूप दिसतो, शेजारी सूतगिरणी असल्यामुळे. महाबळेश्वर, खंडाळा, माथेरान ही ठिकाणंही ठरलेली. बोरघाटातलं रेल्वेचं उलट फिरण्याचं स्टेशन तर जुन्या कार्डांच्या पेटीत हटकून सापडतं.

यावरून एक सरळ हिशेब निघतो. जिथे साहेबाची थंड हवेची जागा, जिथे आगगाडी, तिथे कार्ड. मराठवाड्यातून मनमाड-हैदराबाद ही गाडी विसाव्या शतकाच्या तोंडावर आली, तीही मीटरगेज. अजिंठ्याला तर तीही नाही. जळगावहून किंवा पाचोरा-जामनेरच्या छोट्या गाडीने पहूरला उतरून जावं लागे. म्हणून वेरूळ-अजिंठ्याची कार्डं आहेत, देवगिरीची आहेत, पण पूर्णेचं एकही माझ्या बघण्यात नाही. दुधनेचं नाही. गोदावरीच्या पैठणच्या घाटाचं क्वचित.

*

रंगीत कार्डांबद्दल एक तक्रार लिहून ठेवतो. त्या काळातली बरीच भारतीय कार्डं जर्मनीत छापली जात. १९१४ चं युद्ध सुरू झालं तेव्हा तो धंदा बसला. काळ्या-पांढऱ्या फोटोवर तिकडचे कारागीर रंग चढवत. त्यांनी आपलं पाणी कधी पाहिलेलं नसे. मग ऐन पावसाळ्यातल्या धबधब्याला निळंशार रंगवायचे. आपल्याकडे पहिल्या पुरात पाणी गढूळ असतं, काळ्या रानातून आलं तर करडं, मुरमाड भागातून आलं तर तांबूस. ते मातीचं पाणी आहे, सुपीक आहे, त्याची लाज कशाला? माझं कार्ड रंगवलेलं नाही याचं मला समाधान आहे.

*

निजामाने १९३१ मध्ये चित्रांची टपाल तिकिटं काढली: एक आण्यावर चारमिनार, चार आण्यांवर उस्मानसागर, आठ आण्यांवर अजिंठ्याच्या लेण्याचं दार, एक रुपयावर दौलताबाद. म्हणजे मराठवाड्याची दोन ठिकाणं महागड्या तिकिटांवर. साध्या माणसाच्या पत्राला आठ आण्यांचं तिकीट कधी लागायचं नाही. आपल्या मुलखाचं चित्र त्याच्या हातात कदाचित कधी आलंच नसेल. हैदराबाद संस्थानाचं वेगळं टपाल १ एप्रिल १९५० ला भारताच्या टपालात विलीन झालं.

त्या काळी कुणी हे कार्ड टपालात टाकलं असतं तर पत्ता असा झाला असता: मु. पो. मंठा, ता. परतूर, जि. परभणी, निजाम इलाखा. पुढे १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला, परतूर त्यात आलं आणि मंठाही.

*

वाशीम मंठ्याहून काही फार लांब नाही. लोणारवरून पुढे गेलं की येतं. जुनं नाव वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या घराण्यातल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवलं. त्याचा शिलालेख तिथे आहे. म्हणजे पाचव्या शतकात आपल्या शेजारच्या गावातून निघालेला पैसा त्या दरीत खर्च झाला. परभणी-वाशीमकडची शाळेची सहल अजिंठ्याला जाते तेव्हा मुलांना हे सांगितलं जात नाही. सांगायला हवं.

भिक्खूंना पावसाळ्याचे महिने फिरस्ती बंद ठेवून एका जागी राहायचा नियम, वर्षावास. तेव्हा धबधबा भरात असायचा. लेण्यांपासून नदीपर्यंत दगडात पायऱ्या होत्या, कातळात पाण्याची टाकीही कोरलेली. ज्यांनी ती चित्रं काढली त्यांच्या कानात वर्षातले काही महिने सतत हे पाणी पडत होतं. चित्रं बघताना हा आवाज आपण विसरतो, कारण आपण दिवाळीच्या सुटीत किंवा मे महिन्यात जातो.

*

मंठ्याला सगळ्यांत जवळची उंचावरून पडणारी बारमाही धार कोणती? लोणारची. सरोवराच्या काठावर गोमुखातून पडते ती. आंबोलीला पडणाऱ्या पावसाच्या जेमतेम दहाव्या हिश्श्यात भागवणाऱ्या या भागात एक धार वर्षभर वाहते, हेच नवल. उल्कापाताने झालेलं विवर, सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंद. खालचं पाणी खारं आणि अल्कधर्मी, वरची धार गोड्या पाण्याची. दुष्काळी सालातही लोक तिथे जाऊन अंगावर पाणी घेत. २०१२-१३ मध्ये जालना जिल्हा टँकरवर जगला. अशा साली त्या धारेला किती पाणी होतं, हे महिन्यावार कुणी टिपून ठेवलं असेल तर त्या वहीची किंमत कुठल्याही कार्डापेक्षा जास्त.

२०२० च्या जूनमध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हा देशभरातून फोटो फिरले. त्याच साली त्याला रामसर दर्जाही मिळाला. माझ्या फोनवर आलेल्या त्या फोटोंपैकी एकावरही तारीख नव्हती, कुठल्या काठावरून घेतला तेही नाही. शंभर वर्षांनी ते बघणाऱ्याला काय कळणार?

*

तारेवरच्या इतर कार्डांबद्दल. वाळवीतून वाचलेली थोडी साधी कार्डं होती. 'ती. बाबांस साष्टांग नमस्कार', पावसाची खबर, ज्वारीचा भाव, बैल घेतल्याची बातमी. एकाच्या कोपऱ्याला हळदीचा डाग, लग्नाचं. कोपरा फाडलेलं मात्र एकही नाही. मृत्यूची बातमी कोपरा फाडलेल्या कार्डावर यायची आणि वाचून झाली की ते कार्ड फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. त्यामुळे तारेवर कुटुंबाचा सगळा इतिहास कधीच नसतो. जन्म, लग्न, पाऊस, भाव एवढाच असतो.

पावसाची खबर बहुतेक प्रत्येक कार्डात आहे. 'इकडे मृग बरा लागला.' 'पोळ्यापासून थेंब नाही.' 'ओढ्याला पूर येऊन वाट बंद.' वर तारीख आणि गावाचं नाव. पावसाच्या सरकारी नोंदी तालुक्याच्या ठिकाणी झाल्या. पण वाडीवस्तीवरचा पाऊस या कार्डांत आहे, आणि तो वाळवी खातेय.

*

मंठा, परतूर, जिंतूर, सेलू, लोणार या भागांतल्या ज्या घरांत अशी तार अजून लटकत असेल, त्यांना एवढंच सांगणं. घर पाडायच्या आधी तार उतरवा, रद्दीत घालू नका. कार्ड ओढून काढू नका, तार वरून सरळ करून एकेक सोडवा. ऊन दाखवू नका, सावलीत पसरा. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, दमटपणाने फोटो पिशवीला चिकटतो. कागदी पाकीट चांगलं. कुणाचं, कुठल्या गावचं, कुणी सांगितलं हे पाठीवर मऊ पेन्सिलीने लिहा, शाई पलीकडे उमटते. घरात जुनं माणूस असेल तर आजच विचारा. आणि यंदा पूर्णेला पूर आला की फोटो काढून एक तरी प्रत कागदावर छापून घ्या, पाठीवर गाव आणि तारीख घालून.